चूल, बंब आणि धुराडे: धूर घरात परततो तेव्हा काय तपासायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात स्लॅबचे नवे घर. गॅस आहे, पण भाकरी मागच्या खोलीतल्या मातीच्या चुलीवर आणि अंघोळीचे पाणी न्हाणीतल्या तांब्याच्या बंबावर. चुलीला वैल (दुसऱ्या भांड्यासाठीचा जोडखळगा) आहे आणि ३ इंची सिमेंटचा पाइप आहे. पाइप भिंतीतून बाहेर काढताना दोन काटकोनी एल्बो लागले, मधला ४ फुटांचा तुकडा आडवा आहे, वरचे टोक स्लॅबपासून जेमतेम फूटभर उंच आणि शेजारीच पाण्याची टाकी. पहाटे पेटवताना खोली धुराने भरते, उन्हाळ्यात दुपारीही तेच. पाइपाच्या जोडातून काळे चिकट पाणी भिंतीवर उतरते. शिवाय लेक बाळंतपणाला येणार आहे, तिच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवायची का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीच्या चुकांनी डोळे चुरचुरतात, या चुकीने माणूस जातो. शेगडी खोलीत ठेवू नका. बाजेखाली तर मुळीच नाही.

लाकूड धगधगते तेव्हा धूर दिसतो, म्हणून आपण सावध असतो. निखाऱ्याला धूर नसतो, वासही फारसा नसतो, आणि नेमका तोच कार्बन मोनॉक्साइड भरपूर सोडतो. या वायूला रंग-वास काही नाही. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरते, म्हणून तो थोडा असला तरी शरीराला ऑक्सिजन पोचत नाही. गर्भातल्या आणि नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे हिमोग्लोबिन त्याला आणखी घट्ट पकडते. बाळंतिणीची खोली म्हणजे दार लावलेले, खिडकीला गोधडी, फटीत चिंध्या. वारा लागू नये म्हणून केलेला हा बंदोबस्त शेगडीसोबत सापळा होतो. वर राख टाकून निखारे ‘मंद’ केले की धोका कमी झाला असे वाटते. हवा कमी मिळाली की हा वायू उलट वाढतो.

त्याची लक्षणे थकव्यासारखी असतात: डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, हातापायांतले त्राण जाणे, झापड. बाळंतिणीला हे सगळे ‘अशक्तपणा’ म्हणून खपून जाते. ओळखायची खूण ही की खोलीतल्या सगळ्यांनाच एकदम त्रास होतो आणि बाहेर आल्यावर उतार पडतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्तही त्या यंत्राला ऑक्सिजनने भरल्यासारखेच दिसते, आकडा ९८ दाखवतो आणि माणूस बेशुद्ध होत असतो. असे काही जाणवले तर आधी माणसे बाहेर उघड्यावर काढा, मग दारे-खिडक्या उघडा, १०८ ला फोन करा आणि ‘शेगडी होती’ हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. उपचार म्हणजे ऑक्सिजन, तो उशिरा मिळाला तर मेंदूला इजा राहू शकते.

ऊब आणि शेक हवाच असेल तर वीट किंवा तव्यावरची वाळू चुलीवर तापवा, जाड फडक्यात गुंडाळा, आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा आणि मग द्या. गरम पाण्याची पिशवी चालते. बाळाच्या अंगाला यातले काहीही थेट लावू नये. धुरी देण्याचा आग्रह घरातल्या मोठ्या बायका धरतील. नवजात बाळाच्या फुप्फुसाला ओव्याचा धूरही शेवटी धूरच, म्हणून तो टाळलेला बरा.

आता चुलीकडे. तुमच्या चुलीत दोष फार थोडा आहे, दोष पाइपात आहे. चूल पेटते ती लाकडाने, पण चालते धुराड्याने. पाइपातली गरम हवा हलकी, बाहेरची थंड हवा जड. या फरकाने ओढ तयार होते आणि तीच चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत खेचते. ओढ दोन गोष्टींनी वाढते: पाइपाची उभी उंची आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक. १० फूट उंच पाइपात धूर सरासरी १५० अंशांचा असेल तर डिसेंबरच्या १० अंशांच्या पहाटे सुमारे १२ पास्कल (दाबाचे एकक) ओढ मिळते. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना तीच ओढ ८ पास्कलवर येते, म्हणजे एक तृतीयांश गेली. थंडीत कसाबसा चालणारा पाइप उन्हाळ्यात धूर फेकतो तो यामुळे. लाकूड तेच, चूलही तीच असते.

मग पहाटे थंडी असूनही का परततो? कारण पेटवण्याच्या क्षणी पाइप रिकामा नसतो, रात्रभर गार झालेल्या जड हवेने भरलेला असतो. त्याचा वरचा भाग तुमच्याकडे भिंतीबाहेर उघड्यावर आहे, तो तर बर्फगार. ही हवा बुचासारखी बसते. चुलीत ओले जळण घालून फुंकणीने कितीही फुंका, धूर तोंडातूनच येणार.

याला सोपा उपाय आहे. वैलावरचे भांडे काढा, मूठभर कोरड्या तुराट्या किंवा वर्तमानपत्राचा एक बोळा वैलाच्या खळग्यात, पाइपाच्या तोंडाशी पेटवा. अर्ध्या-एक मिनिटात ज्वाळा पाइपाकडे कलते, ‘हुस्स’ असा आवाज येतो. आता वैलावर भांडे ठेवा आणि मग मुख्य चूल पेटवा. वैल उघडा ठेवून चूल पेटवू नका: पाइप समोरच्या उघड्या भोकातून हवा खेचतो, जाळाकडची ओढ संपते. दुसऱ्या भांड्याची गरज नसेल तर पाणी भरलेले पातेले ठेवून द्या किंवा खापराचे झाकण मातीने बसवा.

हा झाला तात्पुरता इलाज. कायमचा इलाज म्हणजे पाइप बदलणे, आणि तो करायलाच हवा. ३ इंचाऐवजी ४ इंची घ्या. इंचाचा फरक किरकोळ वाटतो, पण वाट पावणेदोन पट होते. ३ इंची पाइपात ६ मिलिमीटर काजळी बसली तर तीस टक्के वाट बंद. दोन्ही काटकोनी एल्बो काढून टाका. सर्वांत चांगला पाइप म्हणजे चुलीतून सरळ वर स्लॅबमधून गेलेला. स्लॅब फोडायचा नसेल तर ४५ अंशांचे दोन बाक चालतात, मधला तुकडा चढता हवा आणि शक्य तितका आखूड. आडवा तुकडा म्हणजे काजळीचे गोदाम. धूर तिथे रेंगाळतो, गार होतो, थर टाकतो.

वरच्या टोकाचा हिशोब असा: स्लॅबपासून किमान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आत टाकी, जिन्याची खोली, कठडा असे काही उभे असेल तर त्याच्या माथ्यापेक्षा २ फूट उंच. टाकीवरून येणारा वारा पलीकडे खाली वळतो आणि फूटभर उंचीच्या पाइपात सरळ धूर दाबतो. वारा एका विशिष्ट दिशेने असतानाच धूर येत असेल तर दुसरे कारण शोधू नका. टोपी बसवा, पण पाइपाच्या तोंडापासून किमान ४ इंच वर. पाऊस अडतो, धूर अडत नाही. टोपीला चिमण्या जाऊ नयेत म्हणून बारीक जाळी लावतात, ती महिन्याभरात काजळीने बुजते. लावायचीच तर अर्ध्या इंचाच्या भोकांची.

काळे पाणी का गळते? लाकडाच्या धुरात वाफ आणि डांबरासारखे न जळलेले पदार्थ असतात. धूर साधारण १२० अंशांच्या खाली गेला की ते पाइपाच्या भिंतीवर जमतात. तुमचा पाइप घराबाहेर उघडा, म्हणून लवकर गार होतो. त्यात जळण ओले असेल तर वाफ दुप्पट. दुसरी चूक जोडाची आहे. पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून गवंडी वरचा पाइप खालच्यावर टोपीसारखा बसवतो. धुराड्यात उलटे हवे: वरच्या पाइपाचे टोक खालच्या पाइपाच्या आत. मग जमलेले डांबर आतल्या आत खाली ओघळते आणि जळून जाते, भिंतीवर येत नाही. पाइप घरातूनच वर नेला तर तो गरम राहतो आणि गळतीचे मूळच संपते. बाहेरूनच न्यायचा असेल तर त्याभोवती विटांचा कोट करा आणि मधल्या पोकळीत कोरडी राख भरा.

कोणता पाइप? गल्लोगल्ली मिळणारा जुना सिमेंटचा पाइप बहुतेक ॲस्बेस्टॉस सिमेंटचा असतो. बसवलेला आहे तोवर ठीक, पण तो ग्राइंडरने कापू नका आणि तारेच्या ब्रशने खरवडू नका, ती धूळ फुप्फुसात कायमची बसते. जास्त तापला की तो तडकतो, कधी तुकडे उडतात. नवा घेताना चुलीपासूनचे पहिले ३ फूट काळ्या लोखंडी पत्र्याचे, किमान दीड मिलिमीटर जाडीचे घ्या, वर जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा चालतो. जीआय चुलीला चिकटून लावू नका, जस्ताचा मुलामा फार तापला की त्याची वाफ होते आणि ती विषारी आहे. पीव्हीसी पाइप धुराड्याला लावलेले अनेक ठिकाणी दिसतात. तो ८० अंशांना मऊ पडतो, यावर अधिक बोलण्याची गरज नाही. उभ्या पाइपाच्या तळाशी झाकणाचा टी (तीन तोंडांचा जोड) बसवून घ्या, साफसफाई तिथूनच होते. पाइपात झडप मात्र बसवू नका. ‘आर टिकून राहावा’ म्हणून कोणी ती लावून टाकतो आणि सगळा कार्बन मोनॉक्साइड घरात.

स्लॅबमधून पाइप नेताना भोक पाइपापेक्षा २ इंच मोठे, मधल्या फटीत राख-माती किंवा रॉकवूल (न जळणारी दगडी लोकर), वरून पत्र्याची झालर. जुने माळवदाचे (लाकडावर माती टाकलेल्या छताचे) घर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे नाटा आणि किलच्या लाकडी असतात, एकेरी पत्र्याचा पाइप लाकडापासून १८ इंच दूर हवा. लाकूड रोज थोडे थोडे तापत राहिले की त्याचा पेट घेण्याचा बिंदूच खाली येतो. पाच वर्षे काही झाले नाही म्हणून सहाव्या वर्षी होणार नाही असे नाही. माळवदात पाइप घालण्यापेक्षा मातीच्या भिंतीतून तिरका बाहेर काढून वर नेणे बरे. माळवदाला पूर्वी सवणे (छतातले भोक) असायचे, धूर आपोआप वर निघून जायचा; १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरात उभ्या राहिलेल्या काँक्रीटच्या घरांना छताला तशी वाट नाही. म्हणून स्लॅबखाली बिनपाइपाची चूल मांडायचीच नाही.

चुलीतही दोन-तीन गोष्टी बघा. तळाला बिडाची जाळी हवी, तिच्याखाली ३ ते ४ इंच राखेची पोकळी. जाळीखालून येणारी हवा नसेल तर जाळ नेहमी आळशीच राहणार. जाळीपासून भांड्याच्या बुडापर्यंत ६ ते ७ इंच. कमी असेल तर ज्वाळा थंड भांड्यावर आपटून विझते आणि काजळी धरते, जास्त असेल तर उष्णता वाया जाते. वैलाच्या खळग्यात पाइपाच्या अलीकडे मातीचा आडवा उंबरठा असतो, तो झिजला की ज्वाळा भांड्याला न लागता थेट पाइपात पळते: जळण दुप्पट, पाइप लालभडक.

भेगा रोज बुजवा. प्रत्येक भेग म्हणजे पाइपाला चोरून हवा देणारे भोक. इथे मराठवाड्याची एक अडचण आहे: शेतातली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, तिची चूल महिन्यात भेगाळते. गढीची किंवा माळवदावर टाकतात ती पांढरी माती घ्या. तीन घमेली माती, एक घमेले चाळलेली राख, एक घमेले बारीक भुसा किंवा शेण. मळून दोन दिवस भिजत ठेवा. चूल सावलीत दहा-पंधरा दिवस वाळू द्या, मग तीन-चार दिवस नुसत्या तुराट्यांचा लहान जाळ. घाईने बाभळीचा मोठा जाळ घातला की आतले पाणी वाफ होऊन माती फोडते.

आणि चुलीचे तोंड मोठे करू नका. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, २००२ साली तो थांबला. त्या काळात बसवलेल्या कितीतरी निर्धूर चुली बंद पडल्या, त्याची दोन ठरलेली कारणे: जाड लाकूड मावावे म्हणून तोंड फोडून मोठे केले, आणि पाइप कधीच साफ केला नाही. लाकूड फोडायला कुऱ्हाडीचे चार घाव लागतात, तोंड फोडायला एकच. म्हणून तोंड फुटते.

जळणाबद्दल. बाभूळ वजनदार, निखारा टिकाऊ, भाकरीला उत्तम. बोर, हिवर चांगले. सुबाभूळ लवकर वाळते आणि लवकर जळते. कडुनिंब नीट वाळलेला असेल तर ठीक, ओलसर असेल तर डोळ्यांत पाणी. तुराट्या पेटवणीला यांच्यासारखे काही नाही, पण एकट्या तुराट्यांवर स्वयंपाक म्हणजे चुलीपासून हलता येत नाही. पऱ्हाट्या चालतात, मात्र शेताच्या बांधावर वर्षभर रचून ठेवू नका. त्यात शेंदरी बोंडअळी मुक्काम करते, जळणात वाचलेले कपाशीच्या नुकसानीत जाते. कण्हेर आणि शेर चुलीत नको, दोन्हींचा धूर त्रासदायक आणि कण्हेर तर विषारी. प्लायवूड, सनमायका लावलेल्या फळ्या, रंगवलेली जुनी चौकट, रबर, दुधाच्या पिशव्या यांतले काही नको. पेटवणीला पेट्रोल-डिझेल नकोच. पेट्रोलची वाफ आधी खोलीभर पसरते आणि काडी ओढल्यावर खोली पेटते.

नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या ४० ते ५० टक्के पाणी असू शकते. चुलीला २० टक्क्यांच्या खालचे हवे. ओल्या लाकडाची निम्मी आग पाणी उडवण्यात जात नाही, तसे अनेकांना वाटते. खरे नुकसान असे की ज्वाळेचे तापमान पडते, धूर न जळताच निघून जातो आणि पाइपात डांबर होऊन बसतो. फेब्रुवारीत तोडून मनगटाएवढ्या जाडीचे फोडलेले बाभळीचे लाकूड आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पावसाआधी बऱ्यापैकी वाळते. न फोडलेला ओंडका सालीसकट पडून राहिला तर वर्षभरानेही आत ओला असतो. वाळल्याची खात्री कशी करायची? टोकाला चिरा, साल सुटते, दोन तुकडे एकमेकांवर मारले की ठण्ण वाजतात. यापेक्षा पक्की खूण हवी असेल तर एका तुकड्यावर खडूने खूण करा आणि दर आठवड्याला त्याचे वजन करा; दोन आठवडे वजन उतरले नाही की लाकूड तयार. जळताना टोकातून फेस येत असेल तर ते अजून कच्चे आहे.

सरपण जमिनीपासून ६ ते ९ इंच वर, विटांवर रचा, वर पत्रा, बाजू मोकळ्या. ताडपत्रीत गुंडाळले की आतली वाफ आतच. चुलीच्या खोलीत एका दिवसापुरतेच आणा. पावसाळ्यात ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवा आणि बॅटरी मारा. विंचू आणि घोणस यांना सरपणाचा ढीग फार आवडतो.

जाळ घालताना तोंडाचा निम्मा भाग मोकळा ठेवा. तीन मध्यम लाकडे, टोके एकत्र, जळेल तशी आत सरकवायची. चूल गच्च भरली की जाळ वाढत नाही, धूर वाढतो. पाइपाच्या टोकाकडे बघा: पेटवून दहा मिनिटे झाल्यावरही पांढरा-पिवळा धूर दिसत असेल तर तुम्ही जळण जाळत नाही, ते वर फेकत आहात. स्वयंपाक चालू असताना शेजारच्या खोलीतला एक्झॉस्ट पंखा बंद ठेवा. बंद घरात तो पाइपापेक्षा जोरकस असतो आणि धुराड्यातून हवा उलटी खेचतो. चुलीच्या खोलीची एक खिडकी किंवा दाराखालची दोन बोटांची फट कायम उघडी हवी. पाइपातून जितकी हवा बाहेर जाते तितकी कुठून तरी आत यावीच लागते.

साफसफाईचा नियम: आतल्या बाजूला ३ मिलिमीटर थर झाला की साफ करा. रोज दोन वेळा चूल असेल तर महिन्यातून एकदा उघडून बघा, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी. चूल पूर्ण गार, म्हणजे किमान एक दिवस बंद. चुलीचे तोंड आणि वैल ओल्या पोत्याने बंद करा. दोरीच्या मध्यावर काथ्याचा घट्ट बोळा बांधा, खालच्या टोकाला वजन. वरून सोडा, टी मधून दोरी धरा आणि बोळा आलटून पालटून ओढा. नाका-तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा. स्लॅबवर टोकाशी उभे राहून एकट्याने हे करू नये.

काय निघते ते बघा. पावडरीसारखी काळी काजळी म्हणजे चूल ठीक. पापुद्रे म्हणजे जळण थोडे ओले. चकचकीत डांबराचा थर निघतच नसेल तर पाइप बदला. पत्र्याचा पाइप घरापेक्षा स्वस्त. ‘मोठा जाळ घालून पाइप जाळून काढायचा’ हा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. धुराड्यातल्या डांबराला आग लागली तर आतले तापमान १००० अंशांजवळ जाऊ शकते. गाडी धडधडत जावी तसा घरघराट, टोकातून ठिणग्या, पाइप लाल. तेव्हा आधी सगळे बाहेर आणि १०१ ला फोन. वेळ असेल तर चुलीतल्या जाळावर वाळू-राख टाका, तोंडावर पत्रा लावून फटी ओल्या मातीने बंद करा. हवा तुटली की आग बसते. पाइपात वरून पाणी ओतू नका. तापलेला सिमेंटचा पाइप फुटतो आणि वाफ अंगावर येते. विझल्यावर तोच पाइप तपासल्याशिवाय पुन्हा वापरायचा नाही.

बंबाची गोष्ट थोडक्यात. मधल्या नळीत जळण आणि भोवती पाणी, त्यामुळे तो उघड्या चुलीवरच्या हंड्यापेक्षा बराच काटकसरी: २० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला बंबात पाऊण किलोच्या आसपास कोरडे लाकूड पुरते, हंड्याला दीड किलो लागू शकते. पण तो न्हाणीत दार लावून पेटवायचा नाही. अंगणात किंवा पडवीत पेटवा, पाणी बादलीने न्या. पाणी भरल्याशिवाय पेटवू नका, आणि अर्ध्याहून खाली जाऊ देऊ नका. कोरडा बंब तापला की झाळण वितळून जोड सुटतात. पाण्याचे झाकण सैल हवे, त्यावर दगड ठेवला तर वाफ भलतीकडून वाट काढते. बोअरचे पाणी जड असल्याने आत पांढरा थर बसतो. तीन-चार महिन्यांनी लिंबूफुलाचे कोमट पाणी, एका लिटरला ३० ग्रॅम या मापाने, तासभर भरून ठेवा आणि नीट विसळा.

राख विझलेली दिसते, विझलेली नसते. आतला निखारा तीन-चार दिवसही जिवंत राहतो. पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात, कडब्याच्या गंजीपासून, सोयाबीनच्या भुसकटापासून आणि गोवऱ्यांच्या हुडव्यापासून दूर ठेवा. उकिरड्यावर टाकलेली गरम राख आणि मे महिन्यातला दुपारचा वारा, गोठे असेच जळतात. शेतात राख फार पसरू नका: आपल्या काळ्या जमिनी आधीच अल्कधर्मी आहेत, राखेने सामू आणखी वर जातो. भांडी घासणे आणि बियाणे साठवणे, एवढे तिचे काम पुरे.

चुलीच्या खोलीत गॅसचा सिलिंडर नको. एक वाळूची बादली हाताशी ठेवा. जाळासमोर बसताना नायलॉनची साडी नको, पदर खोचलेला हवा. भाजले तर २० मिनिटे नळाचे साधे वाहते पाणी, बाकी काही लावायचे नाही, बर्फही नाही.

उन्हाळ्यात दोन महिने चूल बंद राहणार असेल तर पाइपाच्या टोकावर पत्र्याचे झाकण तारेने बांधा, नाहीतर साळुंक्या घरटे घालतात आणि गांधीलमाश्या पोळे करतात. झाकण लावले त्याच दिवशी चुलीच्या तोंडात एक लाल फडके कोंबून ठेवा. पुढे जो कोणी चूल पेटवायला बसेल त्याला ते आधी काढावे लागेल आणि वरचे झाकण आठवेल.